सत्तर अंशांची सलामी

15 ऑगस्ट 2023. ज्या शाळेत मी 34 वर्षं पीटी शिकवली, तिथे झेंडावंदनाला मला निवृत्त शिक्षक म्हणून पहिल्या रांगेत उभं केलं होतं. पाऊस नुकताच थांबला होता. झेंडा वर गेला, ‘सलामी दो’ झालं आणि माझा उजवा हात छातीपर्यंत येऊन अडला. पुढे जाईना. जोर लावला तर खांदा कानाकडे उचकला, हात होता तिथेच. राष्ट्रगीत संपेपर्यंत मी तसाच उभा, पंजा छातीशी धरून. समोर पाचवीची रांग होती. तिच्यातल्या दोन पोरांनी माझ्याकडे बघितलं, आपापले कपाळावरचे हात खाली आणले आणि छातीशी धरले. मास्तर करतात ते बरोबरच असणार.

ती दोन पोरं अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. माझ्याकडे बघून चुकीचं शिकलेली पोरं आजवर किती झाली असतील, हा हिशेब त्या दिवशी सुरू झाला. तो अजून पुरा झालेला नाही, पण जेवढा झालाय तेवढा लिहून काढतो.

आधी माझं जुनं मत सांगायला हवं, नाहीतर बदल काय झाला ते कळणार नाही. फिजिओथेरपी म्हणजे शेक देणं, आणि शेक तर आमच्या आईच्या तव्यावर फुकट मिळायचा. पर्सनल ट्रेनर म्हणजे ज्याला स्वतःहून उठून सुरूच्या बनात पळायला जाता येत नाही, त्याने पैसे देऊन ठेवलेला गडी. आणि मालिश करून घेणं हे बाळाने, बाळंतिणीने नाहीतर पैलवानाने. बाकीच्यांनी घाम काढावा, अंग आपोआप मोकळं होतं. ही मतं मी मैदानावर, शिक्षकांच्या खोलीत, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठेही आणि न विचारता सांगत असे. पोराचा पाय मुरगळला की माझं एकच औषध: ‘दोन फेऱ्या मार, मोकळा होईल.’ काहींचा व्हायचा. ज्यांचा झाला नाही ते पुढच्या तासाला गैरहजर राहायचे आणि मी त्यांच्या नावापुढे ‘कामचुकार’ असा मनातल्या मनात शेरा मारायचो.

त्यात मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. मुंबईची गाडी थेट बोटीत चढून आमच्या किनाऱ्यावर उतरायला लागली. किहीमपासून नागावपर्यंत वाड्यांच्या जागी बंगले, बंगल्यांच्या मागे तरणतलाव, आणि त्यांच्यामागोमाग अलिबागेत ‘वेलनेस’ नावाच्या पाट्या. अशा एका पाटीवर खाली बारीक अक्षरांत ‘पीटी’ लिहिलेलं पाहून मी मित्राला म्हटलं होतं, ‘बघ, आमचा तास आता एसीत भरतो.’ ज्या पाटीची मी थट्टा केली, तिच्याच आत मी पुढे दोन वर्षं जात राहिलो. पण लगेच नाही. त्याआधी मी सगळे मूर्खपणे रीतसर करून घेतले.

पहिला मूर्खपणा माझा स्वतःचाच. हात आखडला म्हणजे जाम झालाय आणि जाम झालेलं जोर लावून सोडवायचं, हे माझं शास्त्र. शाळेच्या मैदानात सिंगल बार आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आजूबाजूची झाडं मुळासकट पडली, तो बार तेवढा ताठ उभा राहिला, म्हणून माझा त्याच्यावर फार जीव. पहाटे कुणी नसताना मी डाव्या हाताने उजवा पंजा बारवर नेऊन अडकवायचो आणि लोंबकळायचो. डोळ्यांतून पाणी यायचं. आठ दिवस केलं. नवव्या दिवशी रात्री झोप लागेना, कुशीवर वळता येईना आणि सकाळी सदऱ्याची बाही चढवायला बायकोला बोलवावं लागलं.

दुसरा मूर्खपणा हाडवैद्याकडे. हाडवैद्यांना मी सरसकट नावं ठेवणार नाही, निखळलेला सांधा सफाईने बसवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण माझा सांधा निखळलेला नव्हताच. त्याने हिसका दिला आणि मी 64 व्या वर्षी लहान पोरासारखा ओरडलो. तिसरा मूर्खपणा म्हणजे लोहचुंबकाचा पट्टा. अलिबागकराने हे लिहिताना खाली मान घालायला हवी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा ज्या गावात हलवली, जिथे 1904 पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जातं आणि त्यात चूक होऊ नये म्हणून इमारतीत लोखंडसुद्धा टाळलं, त्या गावचा मी रहिवासी. आणि मी प्रदर्शनातून अडीच हजार रुपयांना चुंबकाचा पट्टा घेऊन आलो. तो आता बायको फ्रिजवर विजेचं बिल अडकवायला वापरते. त्या कामाला तो उत्तम आहे.

चौथ्या ठिकाणी मात्र खरोखर ‘फिजिओथेरपी’ अशीच पाटी होती. गाव सांगत नाही. तिथे खांद्याला चार चिकट गोळे लावले, यंत्र सुरू केलं, मुंग्या आल्यासारखं झालं, आणि यंत्र लावणारा मुलगा वीस मिनिटं मोबाईलवर क्रिकेट बघत बसला. अशा दहा बैठका. माझ्या हाताला त्याने एकदाही हात लावला नाही. दहावी बैठक संपल्यावर मी घरी येऊन सांगितलं की माझं मत बरोबर होतं. माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी पैसे वाया घालवले नव्हते.

अलिबागच्या त्या पाटीखाली मला सुनेने नेलं. तिथे तीन खोल्या. एकीत फिजिओथेरपिस्ट, पेणकडची, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी. दुसरीत व्यायामाची जागा आणि ट्रेनर. तिसरीत पलंग, आणि आठवड्यातून दोन दिवस येणारी मालिशवाली काकी. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पहिल्यांदा रक्तातल्या साखरेचं विचारलं. मी म्हटलं, ‘मी व्यायाम करणारा माणूस, मला साखर कुठली?’ ती म्हणाली, ‘एकदा बघून घेऊ या ना काका.’ साखर निघाली, आणि चांगली निघाली. माझं दुखणं म्हणजे फ्रोझन शोल्डर. तो एरवी शंभरात दोन ते पाच जणांना होतो, मधुमेहींत दहा ते वीस जणांना. मी सहा-सात महिने समजत होतो की खांद्याचं दुखणं खांद्यात आहे.

मग तिने खणातून एक वस्तू काढली आणि मी हसलो. कोनमापक! कंपासपेटीत असतो तसाच, फक्त दोन लांब पट्ट्या जोडलेला. माझ्या दंडाला एक पट्टी, बरगडीच्या रेषेला दुसरी. ‘उचला. खांदा उचकू नका, नुसता हात.’ बाजूने 70 अंश. पुढून 85. कोपर अंगाला लावून पंजा बाहेर वळवायचा, तिथे जेमतेम 10. सगळं वहीत लिहिलं, तारखेसह.

34 वर्षांत मी किती पोरांचे हात वर केले असतील! ‘हाथ ऊपर’ म्हटलं की दीडशे-दोनशे हात वर. कुणाचा किती वर जातो हे मी एकदाही मोजलं नव्हतं. मोजायचं असतं हेच डोक्यात नव्हतं. वर गेला तो चांगला, नाही गेला तो आळशी.

तिने दिलेला व्यायाम बघून माझा पुन्हा अपेक्षाभंग झाला. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडून हलवायचा. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढायचं, दुखायला लागेल तिथे खूण करायची, उतरायचं. दहा वेळा. दिवसातून तीनदा. मी म्हटलं, ‘मी पन्नास वेळा करीन.’ ती म्हणाली, ‘दहाच. जास्त केलंत तर पुढच्या वेळी आठ देईन.’ असा शिक्षक मी पाहिला नव्हता. आम्ही जास्त करणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचो.

तिने मला एका डच अभ्यासाचं सांगितलं, 2004 साली प्रसिद्ध झालेला. फ्रोझन शोल्डरचे 77 रुग्ण. काहींना दुखलं तरी ताणून घेण्याचा जोरकस व्यायाम दिला, काहींना फक्त दुखण्याच्या अलीकडे थांबून हलकी हालचाल. दोन वर्षांनी पाहिलं तर हलक्या हाताने घेतलेल्यांपैकी 89 टक्क्यांचा खांदा जवळजवळ पूर्ववत, जोरवाल्यांत 63 टक्क्यांचा. ऐकून मला आधी सिंगल बार आठवला, आणि मग ‘दोन फेऱ्या मार’ आठवलं. घरी येईपर्यंत रिक्षात मी बोललो नाही. सुनेला वाटलं, बिल जास्त झालं म्हणून रागावलोय.

आता एक कबुली या कबुलीच्या आत. खांदा सुटला, पण तो तिच्यामुळेच सुटला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि तीही म्हणत नाही. हा आजार आधी दुखतो, मग गोठतो, मग आपणहून सुटायला लागतो, आणि या सगळ्याला एक ते तीन वर्षं लागतात. ‘माझ्याकडे आला नसतात तरी बराचसा सुटला असता. पण बारवर लोंबकळत राहिला असतात तर माहीत नाही,’ असं ती हसत म्हणाली. यंत्रांविषयीही तशीच सरळ. अल्ट्रासाउंडच्या यंत्राने या खांद्याला फार फायदा होतो याचा भक्कम पुरावा नाही, म्हणून तुम्हाला लावत नाही, म्हणाली. आपल्या दुकानातल्या मालाविषयी असं बोलणारं माणूस मला व्यायामाच्या धंद्यात तरी भेटलं नव्हतं. माझं मत बदललं ते गुण आला म्हणून नाही. गुण तर लोकांना चुंबकाच्या पट्ट्यानेही येतो. माझं मत त्या वहीमुळे बदललं.

पण खरा धक्का दुसऱ्या खोलीत बसला. तिथला ट्रेनर माझाच विद्यार्थी निघाला, आक्षीकडचा. शाळेत असताना मी त्याला कबड्डीच्या संघातून काढलं होतं आणि एकदा मैदानाला सहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या, का ते मला आठवत नाही, त्याला आठवतं. तो एका कोळीणबाईला व्यायाम देत होता. साठी उलटलेली बाई, चाळीस वर्षं मासळी बाजारात पाटावर बसून कोयत्यावर मासे कापले, डोक्यावरून टोपल्या वाहिल्या. दोन्ही गुडघे गेलेले. ‘वंगण संपलं’ असं तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि आता गुडघे बदलल्याशिवाय इलाज नाही असं तिने मनाशी धरलं होतं. ती भिंतीजवळच्या खुर्चीवरून उठत होती आणि बसत होती. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या होत्या, म्हणजे फार खाली जावं लागू नये. आठ वेळा. मग विसावा. मग पुन्हा आठ.

मी दारातच उभा राहिलो. ट्रेनर म्हणाला, ‘सर, तुमच्याच उठाबशा आहेत. फक्त कान सोडलेत.’

तो टोमणा नव्हता, निदान त्याने तसा मारला नव्हता. पण लागायचा तिथे लागला. उठाबशा ही माझ्या तासाची शिक्षा होती. उशीर झाला, वीस. गणवेश नाही, तीस. शेजाऱ्याशी बोललास, पन्नास आणि वर कान धरून. व्यायामशिक्षकानेच व्यायामाची शिक्षा करून ठेवली, आणि मग निवृत्तीनंतर हाच शिक्षक कट्ट्यावर बसून म्हणतो की आजकालच्या लोकांना व्यायाम नको. का हवा असेल? त्यांच्या मांडीला तो अपमान म्हणून शिकवला गेला होता.

त्या बाईचा हिशेब मुलीने मला नंतर समजावला. झिजलेली कूर्चा परत येत नाही, पण मांडीचा स्नायू या वयातही वाढतो, आणि तो वाढला की गुडघ्यावरचा भार काही प्रमाणात तो उचलतो. दोन आठवड्यांनी एक उशी काढली, पुढे दुसरी. शस्त्रक्रिया टळेलच असं वचन कुणी दिलं नव्हतं, टळली तर ठीक, नाही टळली तर मांडी मजबूत असलेल्याला शस्त्रक्रियेनंतर लवकर उभं राहता येतं. यात मला सगळ्यात आवडली ती पाटाची गोष्ट. आजवर प्रत्येक डॉक्टरने तिला ‘खाली बसू नका’ सांगितलं होतं आणि तिने प्रत्येकाला मनात शिव्या घातल्या होत्या, कारण पाट सोडला तर खायचं काय? या मुलीने विचारलं, बाजारात जागा किती आहे, कोयता किती उंच आहे, बर्फाच्या पेट्या कशाच्या आहेत. मग ठरलं ते असं: मासळीचा एक क्रेट उलटा करून वर गोणपाट, आणि कोयत्याखाली लाकडी ठोकळा. बाई आता तिथेच, तेच मासे कापते, फक्त गुडघा पूर्वीइतका मुडपत नाही. बाजारातल्या आणखी दोघींनी क्रेट उलटे केले आहेत, फी न देता.

पासष्टीपुढच्या माणसाने ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत आहे. मी त्या वयातला. नुसतं समुद्रावर चालून आलो की झालं, असं मी समजायचो आणि इतरांनाही समजवायचो. चालणं चांगलंच, पण बाथरूममध्ये पाय घसरला की सावरायला वेगळी ताकद लागते. ती मला तो ट्रेनर पोरगा शिकवतो. मी त्याच्यापुढे एका पायावर उभा राहतो आणि तो मोजतो. पहिल्या दिवशी सहा सेकंद झाले. त्याने कुणाला सांगितलं नाही.

मालिशवाल्या काकीबद्दल लिहायला मला थोडं अवघड जातं, कारण तिच्याविषयी माझं मत अजून पुरतं ठरलेलं नाही. पूर्वी ती गावोगाव बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची. या किनाऱ्यावर तेलाची काही वाण नाही. खोबरेल आहे, अंगाला आणि होडीलाही चालणारं उंडेल आहे, आणि एके काळी घाण्याचं तेल गाळणारे बेने इस्राएल ज्यू होते, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव ‘शनवार तेली’ म्हणायचं. काकीचं सगळं ज्ञान बोटांत आहे. तिच्या हाताखालून उठलं की अर्धा दिवस हात हलका वाटतो. मुलगी म्हणते, मालिशने आखडलेला सांधा उघडत नाही, पण माणूस सैलावतो आणि नंतरचा व्यायाम कमी दुखतो, म्हणून तेवढ्यापुरती हवी. काकी म्हणते, ‘पोरगी हुशार आहे, पण हात थंड असतात तिचे.’ दोघींचं पटतं. मणक्यावर दाब द्यायचा नाही, पोटरी लाल, गरम आणि सुजलेली असेल तर तेलाचा हात लावायच्या आधी आपल्याला हाक मारायची, कारण आत रक्ताची गाठ असू शकते, एवढं मुलीने तिला घालून दिलंय. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी येतात तेव्हा काकीच्याच खोलीला गर्दी असते आणि तिथला दर ऐकून माझ्यातला जुना मास्तर अजूनही खवळतो. त्याला मी खवळू देतो. सगळंच मत बदलायला हवं असं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट मध्येच सांगून टाकतो. फिजिओथेरपिस्टसाठी महाराष्ट्रात 2002 चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. ही मुलगी साडेचार वर्षं शिकून आली आहे, त्यातले सहा महिने इस्पितळात उमेदवारी. ट्रेनर आणि मालिशवाले यांना असं कुणी विचारत नाही. दंडावर बेडकी असली की ट्रेनर होता येतं. तेव्हा पाटी पाहून आत जाण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा, आणि पहिल्या दिवशी तुमच्या अंगाला हात न लावता जो यंत्र लावतो त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. मी दहा दिवस गेलो.

खांदा हळूहळू वर जात होता तशी मी माझी जुनी पुस्तकं काढून बसलो. बी.पी.एड.ला आम्हाला व्यायामाचा इतिहास होता. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव, त्यांनी कवायतीच्या इंग्रजी हुकमांच्या जागी आपले शब्द आणले आणि संघव्यायाम उभा केला, हे उत्तर मी पाच मार्कांना लिहिलं होतं. त्याच माणिकरावांची दुसरी ख्याती मी पुस्तकात वाचून सोडून दिली होती. ते नावाजलेले हाडवैद्य होते. एकाच आखाड्यात सकाळी शेकडो पोरं एका हुकमावर हात वर करायची आणि त्याच आखाड्यात तोच माणूस एकेकाचा मोडका हात मांडीवर घेऊन बसायचा. त्यांच्याकडे 1907 ते 1910 शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनी 1924 साली इथे घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि नौली करताना पोटात किती निर्वात पोकळी तयार होते हे यंत्र लावून मोजलं, क्ष-किरणांनी पाहिलं. मोजणारी माणसं होती ही. हेच कुवलयानंद 1937 साली मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्ष झाले आणि पुढल्या वर्षी कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली.

म्हणजे आमच्या परंपरेत दोन्ही होतं. शाळेपर्यंत येता येता त्यातला हुकूम तेवढा पोहोचला, मांडीवर घेतलेला हात बडोद्यालाच राहिला. याला सरकारला दोष देता येईल: एक शिक्षक, सहाशे पोरं, आठवड्याला दोन तास, त्यातला एक गणिताने खाल्लेला. दोष देऊन झाला. पण सहाशेंतल्या एकाकडे बघायला मला सरकारने मनाई केली नव्हती.

त्या एकाबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं, आणि इतका वेळ टाळत आलो.

1988 साली आठवीत एक मुलगा होता. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय काडीसारखा. चालताना तो प्रत्येक पावलाला डावा हात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, दाबून टेकवायचा आणि पुढे जायचा. पीटीच्या तासाला मी त्याला मैदानाच्या कडेला बदामाच्या झाडाखाली बसवत असे, बाकीच्यांच्या चपला सांभाळायला. आठवी, नववी, दहावी. तीन वर्षं. मला वाटायचं मी दया करतोय. त्याच्या चालण्याला मी ‘लकब’ म्हणायचो.

गेल्या पावसाळ्यात हे मी फिजिओथेरपिस्ट मुलीला सहज सांगितलं. तिने विचारलं, ‘हात मांडीवर ठेवायचा? की दाबायचा?’ मी म्हटलं, दाबायचा. ती उठली आणि मला करून दाखवलं. मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडला की गुडघा सरळ राहत नाही, भार पडताच मुडपतो. म्हणून माणूस हाताने मांडी मागे रेटून गुडघा ताठ करतो आणि मग पाऊल टाकतो. पोलिओत हे इतकं नेहमीचं आहे की पाठ्यपुस्तकात त्या चालीला नाव आहे. गुडघ्याला टेकू देणारा कॅलिपर बसवला असता तर हात मोकळा झाला असता. वरच्या अंगाची ताकद वाढवायला याच मुलाला सिंगल बार सगळ्यात जास्त उपयोगी होता. ‘तुमच्या शाळेत होता ना काका?’ तिने विचारलं. तिला माहीत नव्हतं ती काय विचारतेय.

आपल्या देशात फिजिओथेरपीचं शिक्षणच पोलिओमुळे सुरू झालं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत साथ होती तेव्हा परळच्या केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. समुद्राच्या पलीकडे, बोटीने तास-दीड तासावर. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला, 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण जुना पोलिओ झालेले पाय अजून चालताहेत.

तो आता पन्नाशीत आहे. रेवदंड्याच्या बाजूला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी दोनदा दुकानापर्यंत जाऊन चार्जर घेऊन परत आलो. तिसऱ्यांदा बोललो. चपलांचं बोललो, झाडाचं बोललो, माझं चुकलं असं म्हणालो. त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, ‘सर, मला वाटायचं तुम्ही मला मॉनिटर केलंय.’ हे त्याने खरं सांगितलं की मला बरं वाटावं म्हणून, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. ते बदामाचं झाड निसर्ग वादळात पडलं, एवढंच त्याने सांगितलं, मला ते ठाऊक होतं.

पाय आता फारसा दुखत नाही, खांदा दुखतो, म्हणाला. डावा. इतकी वर्षं प्रत्येक पावलाला रेटलेला. मी त्याला हात वर करायला सांगितलं. कोनमापक नव्हता, पण दोन वर्षांत माझी नजर थोडी तयार झाली आहे. शंभरच्या आसपास असेल. माझा परवा 160 भरला.

त्याचं दुकान मंगळवारी बंद असतं. या मंगळवारची साडेपाचची वेळ मी घेतली आहे आणि रिक्षा सांगून ठेवली आहे.